शेपूट सर आणि रिकामा फाटा

शेपूट सर आयुष्यात कधी कोणाच्या पुढे गेले नाहीत. आमच्या डोंगरातल्या सायकलींच्या ग्रुपला शिकवायचे तेच, पण निघताना सगळे निघून गेले की मग आपली जुनी निळी सायकल हलवायचे. नवीन आलेला माणूस हमखास विचारायचा, की हे काका कोण, झेपत नाही का त्यांना? मग कोणीतरी सांगायचं, अरे बाबा, तेच तर सर. कायम शेवटी असतात म्हणून डोंबिवलीच्या पोरांनी नाव ठेवलेलं, शेपूट सर. त्यांना ते माहीत होतं. "शेपूट दिसलं की जनावर कुठे संपतं ते कळतं," असं एकदा म्हणाले आणि पंप मारायला लागले.

राहायचे विठ्ठलवाडीला. मानपाड्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म घालवलेला, त्यामुळे सगळी शिकवण मशीनवरून. चालू करायचं बटण नंतर बघा, आधी बंद करायचं कुठाय ते बघा, हे त्यांचं पहिलं वाक्य. म्हणून नवीन माणसाला दोन रविवार मैदानात नुसतं ब्रेक लावायला आणि सायकलवरून उतरायला लावायचे. मी बेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी घाबरवलं म्हणून गेलेले. नौपाड्यातल्या ऑफिसात पंधरा वर्षं खुर्चीला चिकटलेली बाई मी. पहाटे उठून इतक्या लांब यायचं ते काय उतरायला? मी तसं बोललेही. सर शांतपणे म्हणाले, "सायकल चालवायला कोणीही शिकवेल, ताई. मी पडायच्या आधी उतरायला शिकवतो." मला तेव्हा राग आलेला. आता वाटतं, उतरायचं कधी ते तेवढं मला कोणी आणखी एकदा शिकवावं.

निघायच्या आधी प्रत्येकाचा ब्रेक ते स्वतः दाबून बघायचे. हेल्मेटच्या पट्ट्यात दोन बोटं घालायचे. तिसरं गेलं तर पट्टा आवळायचे, मग समोर कोण का असेना. एकदा ठाण्याचा एक साहेब कोरी, महागडी सायकल घेऊन आला आणि बघतो तर मागचा ब्रेक लागेचना. सरांनी त्याला परत नाही पाठवलं. उतार आला की सायकलवरून उतरवलं आणि पायी नेलं, सबंध सकाळ, आणि स्वतः त्याच्या मागे चालले. साहेबाची मान काही वर होईना. पुढच्या रविवारी ब्रेक दुरुस्त करून सगळ्यांच्या आधी हजर.

पण सरांचा खरा नियम फाट्याचा. वाटेला फाटा फुटला की थांबायचं, मागच्याचे डोळे दिसेपर्यंत. हेल्मेट दिसलं, हाक ऐकू आली, हे चालायचं नाही. डोळे दिसले म्हणजे त्यानेही आपल्याला बघितलं. मग आपण निघायचं आणि त्याने त्याच्या मागच्यासाठी उभं राहायचं. अशी वीस माणसं डोंगरातून हातोहात खाली यायची. आम्ही काय कमी वैतागायचो? ऊन चढतंय, मच्छर फोडून काढतायत आणि मागचा शहाणा कुठेतरी फोटो काढतोय. तरी थांबायचो.

या नियमाला एक फट होती आणि ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. शेवटून दुसरा जो असेल, त्याच्या मागे फक्त सर. आणि सरांसाठी कशाला थांबायचं? मलंगगडाच्या पायथ्याच्या त्या पायवाटा त्यांना घरातल्यासारख्या पाठ. तिथे आम्ही बिनदिक्कत निघून जायचो का? नाही, थांबायचोच, पण मनातून ते उगाच वाटायचं. एका रविवारी मी नाही थांबले. घरी नणंदेच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, मला दहाच्या आत नौपाड्यात पोचायचं होतं. मी शेवटून दुसरी. फाट्यावर पाय टेकला, मागे बघितलं, वळणावर कोणी नाही. म्हटलं, येतील की. डावीकडची गावाची वाट धरली आणि गेले.

खाली टपरीवर सगळे चहा पीत होते. मला निघायचं होतं, पण सर दिसल्याशिवाय पाय निघेना. कोणीतरी विचारलं, सर? मी म्हटलं, मागेच आहेत. पाच मिनिटांनी परत कोणीतरी विचारलं, तर दुसऱ्याने उत्तर दिलं, येतील रे. अर्धा तास आम्ही एकमेकांना हेच सांगत होतो. सगळ्यांना गोळा करून आणणारा माणूसच मागे राहील हे कोणाच्या डोक्यातच येईना. शेवटी चौघं वर गेले, त्यात मीही. फाट्यापासून उजवीकडची वाट बंद पडलेल्या खाणीकडे उतरते, नुसती खडी आणि घसरण. सर आम्हाला तिकडे पाऊल टाकू द्यायचे नाहीत. तिथेच खाली ते पडलेले होते. मांडीचं हाड मोडलेलं. मला बघितल्यावर पहिलं वाक्य काय बोलावं? "ताई, तुम्हाला लागलं नाही ना?"

मला त्या प्रश्नाचा अर्थच लागला नाही. वाटलं, दुखण्यात काहीतरी बरळतायत. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात आम्ही दोघंच होतो तेव्हा मी सांगून टाकलं, की सर, मी थांबले नव्हते. ते म्हणाले, "माहितीये. फाटा रिकामा होता. ताई थांबल्या नाहीत म्हणजे नक्की खाणीकडे घसरून पडल्या असणार, असं वाटलं मला." एवढंच. रागावून नाही, कारखान्यात काय बिघडलं ते सांगावं तसं. मी न थांबता निघून गेले असेन ही शक्यताच त्यांनी धरली नव्हती. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

ग्रुपवर मी लिहिते म्हटलं तर नको म्हणाले. "लोक तुमचं नाव लक्षात ठेवतील आणि नियम विसरतील." मी ऐकलं. सोयीचंच होतं ना ते मला. मग ग्रुपवर चर्चा झाली, की या वयात खाणीकडे एकट्याने कशाला जायचं, माणसाने वेळीच थांबावं, वगैरे. मी ते सगळं वाचलं आणि गप्प बसले. त्यांच्या मुलाने सांगितलं, बाबा, आता बास. निळी सायकल घराच्या भिंतीला टेकली ती टेकलीच. त्यांना भेटून निघताना मी विचारलं, की सगळ्यांच्या शेवटी आता कोण चालवणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं. सांगायची गरजच पडली नाही.

सात वर्षं झाली. दर रविवारी मी शेवटी असते. गुडघे आता पायऱ्या चढतानाही कुरकुरतात. दुसऱ्यांचे टायर फुटायचे, दुसऱ्यांची दमछाक व्हायची आणि आपण मागून "सावकाश, सावकाश" करत चालायचं. खरं सांगते, कंटाळा येतो. पण साडेनऊला टपरीवर पोचले की फोन वाजायचा. "जयभीम ताई. शेवटचं माणूस आलं का?" मी म्हणायचे, आलं, सर. मग ते फोन ठेवायचे. पावसाळ्यात आम्ही जात नाही तरी सवयीने एकदोनदा फोन आलेला.

या फेब्रुवारीत ते गेले. झोपेतच. विठ्ठलवाडीला बुद्धवंदना झाली तेव्हा ग्रुपमधले पंचवीसेक जण होतो. कोणीतरी त्यांच्याबद्दल बोलताना म्हणालं, एवढे अनुभवी, तरी त्या दिवशी चुकले. तिथेही मी खरं सांगितलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी साडेनऊला मी टपरीवर फोन हातात धरून बसले आणि मनाशी ठरवलं की झालं, पुढच्या महिन्यापासून सोडायचं. शेवटचं आलं का, हे विचारणारं तरी आता कोण आहे?

मग मागच्या रविवारी त्याच फाट्यावर तन्वी उभी होती. कल्याणची पोरगी, चोवीस वर्षांची, ग्रुपात येऊन दोन महिने झालेले, शेवटून दुसरी. तोंड फुगलेलं. "ताई, तुम्हाला तर रस्ता पाठ आहे ना? मग मी काय मच्छर मारत उभी राहू?" म्हणाली. प्रश्न बरोबरच होता. माझाच होता तो.

मी सायकल आडवी टाकली आणि दगडावर बसले. उजवीकडची वाट तिला दाखवली. सगळं सांगितलं, पाहुण्यांपासून खाणीपर्यंत, माझ्या नावासकट. सात वर्षांत पहिल्यांदा. ती पाणी प्यायली, हेल्मेटचा पट्टा चाचपला आणि गेली.

मी गुडघे धरून उठले आणि निघाले. खाली आणखी एक फाटा आहे, अगदी सोपा. गाव दिसतं तिथून, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. वळण घेतलं तर तन्वी तिथे उभी होती. एक पाय जमिनीवर, मान मागे वळवलेली. मी जवळ येईपर्यंत हलली नाही. माझ्या डोळ्यांत नीट बघितलं आणि मगच पॅडल मारलं.