तोरणाखालून पहिली जोडी

माझे वडील नेपाळच्या डोंगरातून बदनापूरकडे आले ते कापसाच्या जिनिंगचे चौकीदार म्हणून. भाऊ तेव्हा चार वर्षांचा, त्यांच्या खांद्यावर. मी मात्र इथलीच, याच गावात जन्मलेली. पुढे आम्ही बटाईनं शेत केलं, भाऊ फर्डी मराठी बोलायला लागला, तरी गावाच्या लेखी आम्ही उपरेच.

भाऊ पायदळात भरती झाला. पहिल्या सुट्टीत त्यानं लाल बैलांची जोडी घेतली, पोळ्याला हिंगुळानं त्यांची शिंगं रंगवली आणि थेट वेशीच्या तोरणापुढे नेऊन उभी केली. तोवर आमच्याकडे कधी बैलच नव्हते; पहिल्या जोडीचा मान पाटलांचा, हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं! चौघांनी कासरा धरून बैल मागे वळवले. "उपऱ्यांचं मागं," कुणीतरी ओरडलं. मी संतापानं रडायला लागले. भाऊ मात्र हसत रांगेच्या शेवटी गेला. म्हणाला, "रडू नको गं. नवी जोडी हाय, जराशी घाई झाली तिला."

एकाहत्तरच्या लढाईत तो गेला. जखमी सोबत्याला ओढून आणताना गोळी लागली, असं पत्रात होतं. मागोमाग त्याची काळी ट्रंक आली. काही महिन्यांनी वडील तिच्यात घरातली भांडी भरायला लागले. "ज्याच्यासाठी राहिलो, तोच गेला. पोळा झाला की बैल विकू आणि परत जाऊ." माझं कसलं परत? तो डोंगर मी पाहिलासुद्धा नव्हता.

पोळ्याला वडील जागचे हलेनात. मग मीच बैल धुतले, शिंगं रंगवली आणि जोडी रांगेच्या शेवटी नेली. पोरीच्या हातात कासरा बघून बायकांनी तोंडाला पदर लावले. लावू देत!

तेवढ्यात म्हातारे पाटील आपली जोडी सोडून माझ्यापर्यंत चालत आले. "पोरी, बैल पुढं घे. आज मान तुमचा."

मी कसली गप्प बसतेय! "भाऊ व्हता तवा का न्हाई दिला?"

पाटलांनी मान खाली घातली. "चुकलं आमचं. तो आपल्या गावचा हाय, हे आमाला लई उशिरा कळलं."

आमची जोडी तोरणाखालून पहिली गेली. हलगी कडाडली. माझे डोळे वाहत होते, पण मान ताठ होती. असा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही. वेशीच्या आत वडील उभे होते, कधी आले कोण जाणे. त्यांनी एक कासरा माझ्या हातातून घेतला आणि आम्ही गावभर मिरवलो.

दारात आईनं बैलांचे पाय धुतले. दुष्काळाच्या सालात पुरण कुठलं, गूळभाकर भरवली. मग घरात जाऊन तिनं ट्रंकेतली भांडी एकेक करून फळीवर मांडली आणि बैलांच्या झुली घडी घालून ट्रंकेत ठेवल्या, पुढच्या पोळ्यासाठी. वडील उंबऱ्यात बसून बघत राहिले. त्यांनी तिला अडवलं नाही.