पापणी ओढून पाहणारा

सकाळी आरशात डोळा लालभडक दिसला. दृष्टी जाते की काय, या धास्तीने मी मिरजेचा डोळ्यांचा दवाखाना गाठला. बाकावर शेजारी जतकडचा एक मेंढपाळ होता. मोतीबिंदू काढायला घाबरणाऱ्या बायकोची समजूत काढत होता. मला पाहताच त्याने, मेंढराची बघतात तशी, अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली.

"दुकतंय? कमी दिसतंय?"

"नाही."

"मग बारीक शीर फुटलीया. पंधरा दिसांत जातंय. पर डागदरला दावाच."

आत प्रमाणपत्रांनी झाकलेल्या भिंतीखाली डॉक्टरांनीही पापणी ओढली, तेच दोन प्रश्न विचारले, रक्तदाब मोजला आणि तेच सांगितले.

बाहेर येऊन मी हे मेंढपाळाला कळवले. तो बायकोकडे वळला.

"ह्या डागदराला कळतंय गं. चल, काढूया हितंच."

ती उठली.