तारखेला हात न लावणारे सर

"तारखेला हात कुणी लावला?"

मागून हा प्रश्न आला की समजायचं, सरांनी आपला स्क्रीन वाचलाय. चष्मा कपाळावर चढवून, आपण बसलेल्या खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं वाजवत ते उभे राहायचे. उत्तर मिळेपर्यंत बोटं थांबत नसत. तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल, ज्याला सगळं येतं आणि जो काहीही सरळ सांगत नाही. मला नेमकं त्याच्या शेजारी बसवलं होतं.

येरवड्यातल्या आमच्या छोट्या कंपनीचा डेटाबेस ते सांभाळत. नारायण पेठेतून स्कूटरवर येत. सगळ्यांना अहो-जाहो करत, माझ्यासारख्या नव्या मुलीलाही. "आपण विचार करून लिहिलंत, की लिहून झाल्यावर विचार करणार आहात?" असं कुणी आदरानं विचारलं की काय करायचं, हे माझ्या शाळेत शिकवलं नव्हतं.

माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन संपत आलं होतं. एका रक्तपेढीसाठी मी एक यादी बनवली होती, येत्या पाच दिवसांत मुदत संपणाऱ्या पिशव्यांची. त्या पिशव्या आधी वापरायच्या, नाहीतर फेकून द्यायच्या. यादी उघडायला चाळीस सेकंद लागत. तिथल्या टेक्निशियन बाई फोनवर म्हणाल्या, "अहो ताई, तेवढ्यात मी फ्रिज उघडून हातानं मोजून येते." मॅनेजरनी स्पष्टच सांगितलं, शुक्रवारच्या डेमोत यादी तीन सेकंदांत उघडली नाही, तर मला कायम करता येणार नाही.

आणि इंडेक्स तर होता! मुदतीच्या तारखांची क्रमानं लावलेली सूची, मीच बनवलेली. पण डेटाबेस तिच्याकडे ढुंकूनही न बघता सगळ्या ओळी पहिल्यापासून वाचत बसायचा. सरांना विचारायचं धाडस करायला मला दोन दिवस लागले.

त्यांनी माझी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला लिहून विचारलेला प्रश्न, एकदा वाचली. "खाली चला."

गेटवर त्यांनी वॉचमनकाकांचं रजिस्टर मागून घेतलं. तारीख, वेळ, पाहुण्याचं नाव. ते माझ्या हातात दिलं. "या महिन्याच्या पाच तारखेला आलेली माणसं शोधा. पण आधी प्रत्येक ओळीतली वेळ खोडायची. पहिल्या पानापासून."

"साहेब, खोडाखोड नाही चालत हां," काका घाबरले.

"सर, पण पाच तारीख एकाच जागी आहे. अख्ख्या वहीत कशाला खोडायचं?"

"मला काय विचारता? तुम्हीच सांगितलंय डेटाबेसला तसं."

जेवायला निघालेलं निम्मं ऑफिस बघत होतं. रजिस्टर माझ्या हातात ठेवून सर जिना चढून गेलेसुद्धा.

वर आल्यावर लक्षात आलं. प्रत्येक तारखेतली वेळ कापून मग तुलना कर, असं मी लिहिलं होतं. सूची मूळ तारखांची होती, कापलेल्या तारखांना तिचा काय उपयोग? मी ती कापाकापी काढली. पाच दिवसांनंतरच्या मध्यरात्रीआधी मुदत संपणाऱ्या पिशव्या दे, एवढंच विचारलं.

एकोणचाळीस सेकंद.

"सर, आता तारखेला हात लावलेला नाही. तरीही इंडेक्स वापरत नाहीये."

"पाच दिवसांनंतरपर्यंतच्या पिशव्या मागितल्यात. कधीपासूनच्या?"

ते लिहिलंच नव्हतं. म्हणजे रक्तपेढी सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या, वापरलेल्या, फेकलेल्या, सगळ्या.

"जवळजवळ सगळं पुस्तकच वाचायचं असेल, तर सूची कोण चाळत बसेल? तो मूर्ख नाहीये हो. त्याच्यासमोर बसलेल्यांबद्दल मी काही म्हणत नाही."

"हे मघाशीच सांगितलं असतंत तर?" माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या मोठ्यानं मी त्या ऑफिसात कधी बोलले नव्हते.

बोटं थांबली. "मग पुढच्या वेळी कुणाला विचारलं असतंत?" एवढं बोलून ते जागेवर जाऊन बसले.

आजपासून, असं मी क्वेरीत लिहिलं. शुक्रवारी यादी उघडली तेव्हा टेक्निशियन बाई म्हणाल्या, "उघडली पण?" मॅनेजरनी सगळ्यांसमोर माझं अभिनंदन केलं. मी वळून बघितलं, तर शेजारचं टेबल रिकामं. सरांचं कॉन्ट्रॅक्ट गुरुवारी संपलं होतं. त्यांना ते महिनाभर आधी माहीत होतं. हेही त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी सहसा कुणाला फोन करत नाही. त्यांना केला.

"चालली का यादी?"

"हो सर. मला कायमही केलं."

"मग फोन कशाला केलात?" आणि कट.

इतका राग आला की थँक यू म्हणायचं राहून गेलं. पुन्हा फोन करायला मी आठ महिने लावले. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई आधी मराठीत आणि मग इंग्रजीत सांगत होती. मी दोन्ही भाषांत शेवटपर्यंत ऐकून घेतलं.