साडूचा ड्रॅगन

दातवाल्यांसमोर पांढऱ्या रंगाचा विषय काढू नये, असं आमच्यात ठरलेलं होतं. काढला की अर्धा तास गेलाच. ते दातांच्या लॅबमध्ये कामाला होते. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीला लागून त्यांचं टेबल. डॉक्टरांकडून जबड्याचा साचा यायचा आणि त्यावरून ते दात घडवायचे. नव्या दाताचा रंग शेजारच्या दाताशी जुळला पाहिजे, नाहीतर माणूस हसला की तेवढा एकच दात पाहुण्यासारखा दिसतो. रंग जुळवायला नमुन्यांची पट्टी असते, पण ती ते क्वचितच हातात घेत. पेशंटने तोंड उघडलं की म्हणायचे, "चहा जरा जास्त होतोय तुमचा," आणि पांढऱ्यात पिवळ्याचा एवढासा कण घालायचे. दात बसवल्यावर कुठला नवा आणि कुठला जुना, हे त्या पेशंटच्या बायकोलाही सांगता येत नसे.

माझी त्यांची ओळख रविवारच्या खेळामुळे. वह्या-पेनांचं एक दुकान आहे, त्यावर एक रिकामी खोली. दुकानाच्या मालकिणीला आम्ही वहीवाली म्हणतो. रविवारी दुपारी दुकान बंद असतं तेव्हा आम्ही सहा-सात जण त्या खोलीत लांब टेबलाभोवती बसतो आणि जादूगार, बुटके, राक्षस यांच्या लढाया खेळतो. वहीवाली गोष्ट पुढे नेते, आम्ही फासे टाकतो. आमच्यातल्या सर्वांत धाकट्याला चष्मा लागूनही दहा वर्षं झाली आहेत, म्हणजे मंडळी कुठल्या वयाची ते समजून घ्या.

या खेळात प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि त्याची अंगठ्याएवढी प्लास्टिकची मूर्ती. तिला मिनिएचर म्हणतात. घरची माणसं बाहुल्या म्हणतात. ती विकत मिळते तेव्हा करड्या रंगाची असते. रंगवायची आपण. आमच्या सगळ्या मूर्ती बारा वर्षं दातवाल्यांनीच रंगवल्या होत्या आणि ते काम ते फार मनापासून करत.

मी माझी चेटकीण घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवून प्रश्न विचारले होते.

"राहते कुठे ही?"

"दलदलीत."

"मग झग्याचा काठ चिखलाचा हवा. झगा कोणी दिलाय? की चोरलाय?"

"चोरलाय."

"मग जांभळा. हिच्या ऐपतीबाहेरचा वाटला पाहिजे."

त्यांची रंगवायची रीत ठरलेली. आधी अस्तर, मग मूळ रंग, मग पाण्यासारखा पातळ गडद रंग, जो आपोआप घड्यांमध्ये उतरतो, आणि शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. चेटकिणीच्या नखांखाली त्यांनी चिखल रंगवला होता. भिंगातून बघितलं तर दिसतो. आम्ही त्यांना खूप मानायचो आणि ते त्यांना आवडायचं. कोणाला आवडत नाही?

मग त्यांची धाकटी मेहुणी आणि तिचा नवरा बदली होऊन नव्हे, घरभाडं परवडेना म्हणून नव्हे, तर दोघी बहिणींना जवळ राहायचं होतं म्हणून आमच्या गावात राहायला आले. साडूचा धंदा किल्ल्यांचा. कोपऱ्यावर टपरीएवढं दुकान, आत एक मशीन, कानशी आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. आम्ही त्याला किल्लीवाला म्हणू लागलो. शांत माणूस. बायकोने "घरी बसून काय करणार, भाऊजींबरोबर जा" म्हणून धाडलं तेव्हा तो रविवारी आमच्याकडे आला.

दातवाल्यांनीच त्याला शिकवलं. आपले जुने ब्रश दिले, अर्ध्या वापरलेल्या बाटल्या दिल्या. "घाई करू नका, हात टेकवून धरा, ब्रशचं टोक मोडू देऊ नका," असं सगळं मोकळेपणाने सांगितलं. ते मला नंतर म्हणाले, "त्याच्याकडून काही होईल असं मला वाटलंच नव्हतं, म्हणून इतकं मन मोठं झालं होतं माझं."

तीन महिन्यांनी किल्लीवाल्याने एक राक्षस रंगवून आणला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आणि आम्ही सगळे तिकडे वळलो. जवळून बघितलं तर त्यात विशेष काही नव्हतं. नखं नव्हती, बटणं नव्हती, डोळे म्हणजे दोन ठिपके. पण लांबून तो राक्षस खराखुरा उभा वाटत होता. खांद्यावर ऊन पडल्यासारखं वाटत होतं आणि पोटाखाली खरा अंधार. त्याच्या शेजारी आमच्या सगळ्या मूर्ती एकदम चिवड्यासारख्या दिसायला लागल्या.

"वा," वहीवाली म्हणाली. "हा नुसता बघूनच मी घाबरले."

बारा वर्षांत दातवाल्यांच्या कुठल्याच मूर्तीला ती घाबरली नव्हती.

घरी जाऊन त्यांनी बायकोला विचारलं, "काय एवढं आहे त्यात?" ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचं जवळ जाऊन बघावं लागतं हो. त्यांचं आपोआप दिसतं." तिने काही मुद्दाम म्हटलं नव्हतं, पण त्या रात्री दातवाले जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

त्यानंतर त्यांना साडूचं सगळंच खुपायला लागलं. त्याचा शांतपणा म्हणजे शिष्टपणा वाटायचा. त्याने "दादा, हे जमलंय का?" विचारलं की मुद्दाम विचारतोय असं वाटायचं. मेहुणीने फोनवर बहिणीला साडूच्या नव्या जादूगाराचा फोटो पाठवला की हे उठून पंखा पुसायला घ्यायचे. कोणी किल्लीवाल्याकडे मूर्ती रंगवायला दिली की ते हसून म्हणत, "द्या द्या, त्यालाही सराव हवाच," आणि आठवडाभर तो माणूस त्यांच्या मनातून उतरलेला असे.

त्यातच आम्ही वर्गणी काढून एक मोठा ड्रॅगन आणला. हातभर पंख, मानेवर काटे. मोठं काम नेहमी दातवाल्यांकडे जायचं. पण त्या दोन रविवारी ते आले नव्हते, लॅबमध्ये काम साचलं होतं. वहीवालीने ड्रॅगन किल्लीवाल्याला रंगवायला देऊन टाकला. मी तिथेच होतो. मीही मान डोलावली, हे कबूल करतो.

दातवाले साडूकडे गेले ते ड्रॅगन बघायला. किल्लीवाल्याने त्यांना आत बसवलं, दार लोटून घेतलं आणि जरा संकोचून म्हणाला, "दादा, एक सांगू? मंडळींना कळायला नको. मला लाल आणि हिरवं ओळखू येत नाही. लहानपणापासून. दोन्ही एकच मातकट काहीतरी दिसतं. बाटल्यांच्या झाकणांवर बायको रंगांची नावं लिहून देते, त्यावर माझं चालतं. मी रंग बघतच नाही, उजेड किती आणि सावली किती तेवढंच बघतो."

दातवाल्यांना आधी आनंद झाला. असा आनंद, की त्यांचे कान गरम झाले. आणि लगेच त्याहून वाईट वाटलं, कारण ज्याला रंग दिसतच नाही तो आपल्यापुढे गेला होता.

ड्रॅगन अर्धा झाला होता. अंग गडद हिरवं, पोट विटकरी. डावा पंख हिरवा करून झाला होता, उजवा राहिला होता.

"तुम्ही बसा, मी चहा टाकतो," म्हणून किल्लीवाला आत गेला. टेबलावर हिरवी आणि विटकरी अशा दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या. गडदपणा दोन्हींचा सारखा. दातवाल्यांनी झाकणं काढली आणि अदलाबदल करून घट्ट लावली. मग त्यांनी चहा घेतला, "छान होतोय ड्रॅगन," म्हणाले आणि घरी आले.

पुढच्या रविवारी किल्लीवाल्याने टॉवेलमध्ये गुंडाळलेला ड्रॅगन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि टॉवेल काढला. डावा पंख हिरवागार, उजवा पक्का विटकरी. मीच म्हणालो, "हे काय, एक पंख कच्चा आणि एक पिकलेला?" सगळे हसले.

किल्लीवालाही आधी हसला. मग त्याने ड्रॅगन खिडकीपाशी नेला, फिरवून फिरवून पाहिला. त्याला काहीच चुकलेलं दिसत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आम्ही का हसतोय हे त्याला समजेना, आणि त्याला का समजत नाही हे आम्हाला. त्याने दातवाल्यांकडे पाहिलं. खोलीत खरं सांगणारा तोच एक माणूस आहे, अशा नजरेने.

दातवाले उठून उभे राहिले. "झाकणं मी बदलली," ते म्हणाले. "त्यांची चूक नाही. त्यांना लाल-हिरवं दिसत नाही. मला माहीत होतं."

ते गुपितही त्यांनी एका दमात सगळ्यांसमोर फोडलं होतं, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

किल्लीवाल्याने फक्त विचारलं, "कुठला पंख?"

दातवाल्यांना पुढे होऊन बोट दाखवावं लागलं. किल्लीवाल्याने ड्रॅगन टॉवेलमध्ये गुंडाळला आणि निघून गेला. त्या दिवशी खेळ झाला नाही.

संध्याकाळपर्यंत मेहुणीचा फोन येऊन गेला होता. दातवाले घरी पोचले तेव्हा बायको दारातच होती. ती ओरडली नाही. म्हणाली, "तुम्ही त्यांच्यावर जळता हे मला माहीत होतं. मला हसू यायचं त्याचं. आता येत नाही." पुढे महिनाभर दोघी बहिणी बाहेरच भेटायच्या.

दातवाले माफी मागायला किल्लीच्या दुकानावर गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं. ते गेलं, दुसरं आलं. किल्लीवाला कानस घासत राहिला. मग कानस खाली ठेवून म्हणाला, "तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं रंगवता, दादा. मी ही गोष्ट घरी रोज सांगायचो. हिला विचारा."

"मला ते कोणी सांगितलं नाही," दातवाले म्हणाले.

"मी सांगायला हवं होतं का?"

दातवाले समोरची एक कोरी किल्ली उलटसुलट करू लागले. "रागावलोय मी अजून," किल्लीवाला म्हणाला. "जाईल तेव्हा जाईल." आणि त्याने मशीन सुरू केलं.

दोन महिन्यांनी तो रविवारी परत आला. ड्रॅगनवरचा सगळा रंग त्याने खरवडून काढला होता आणि नव्याने रंगवला होता. हिरवं नाही, लाल नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नुसत्या छटा, राखेतून उठल्यासारखा. माझ्या अंगावर काटा आला. मी दातवाल्यांकडे पाहिलं नाही, पण त्यांनीच नंतर सांगितलं, "वाटलं होतं पश्चात्तापाने मत्सर जातो. नाही हो गेला. तो ड्रॅगन बघितला आणि पुन्हा तसंच झालं. फरक एवढाच की मी हात खिशात घालून बसलो."

आता दोघेही येतात. एकमेकांना "या, बसा" म्हणतात, फासे हातात देतात. दातवाले हल्ली मूर्ती थोड्या लांब धरून बघायला शिकलेत, पण नखांखालचा चिखल त्यांच्याने सुटत नाही. त्यांनी दोनदा विचारलं, "रंग जुळवून देऊ का?" किल्लीवाला दोन्ही वेळा नम्रपणे "नको दादा, झालंय" म्हणाला.

गेल्या रविवारी खेळ संपल्यावर किल्लीवाल्याने खिशातून तीन बाटल्या काढल्या आणि वहीवालीसमोर ठेवल्या. "ताई, यातला हिरवा कुठला तेवढं सांगता?" वहीवालीने चष्मा वर करून मधली बाटली पुढे सरकवली. ती पोपटी होती. तिला त्यातलं काय कळतंय. पण त्याने ती निर्धास्तपणे घेतली आणि झाकणावर खूण केली.

दातवाले खुर्च्या उचलून भिंतीला लावत होते. मी जिन्यावरून उतरताना त्यांना म्हटलं, "चला, मिटलं म्हणायचं." ते म्हणाले, "पाहिलंत ना, मी तिथे असताना तिला विचारलं त्याने." आणि माझ्या पुढे होऊन जिना उतरले.