खंडेनवमीचं पेट्रोल

ज्या यंत्राची मनोभावे पूजा होते ते यंत्र ऐनवेळी दगा देत नाही, असं माझ्या आजोळी पिढ्यान्‌पिढ्या मानतात. पिढ्या दोनच आहेत आणि यंत्र म्हणजे मामांची जीप, पण श्रद्धेला एवढं भांडवल पुरतं.

मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गाव पाटणजवळ. जीप लष्करातूनच लिलावात घेतलेली, पेट्रोलवर चालणारी. गेली सहा वर्षं ती गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी होती. दर खंडेनवमीला मामा तिला धूत, हळदकुंकू लावत, झेंडूची माळ घालत आणि टाकीत एक लिटर ताजं पेट्रोल ओतत. रिकाम्या वाहनाची पूजा म्हणजे उपाशी माणसाचा सत्कार, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, म्हणून जीप सुरू करायची नाही. उरलेल्या दिवशी ती सुरू करायची राहून जायची. असं सहा वर्षं, सहा लिटर.

एका गुरुवारी त्यांचा मला सांगलीत फोन आला.

"जुन्या पेट्रोलच्या गाडीतलं कळणारा मिस्त्री हाय का रं तुझ्या वळखीत? हितली पोरं बॉनेट उघडत्यात आन्‌ डिझेल इंजिन टाका म्हणत्यात."

रविवारी त्यांचा मुलगा फौजेतून निवृत्त होऊन गावी येणार होता. सातारा जिल्ह्यात हल्ली निवृत्त जवानाला फाट्यापासून घरापर्यंत वाजतगाजत उघड्या गाडीतून आणतात. फ्लेक्स लागतात, जेसीबीतून फुलं पडतात, आणि ज्यांनी त्या जवानाला कधी पत्रसुद्धा लिहिलं नाही ते माइकवरून त्याचं बालपण सांगतात. गावातल्या पोरांनी साताऱ्याहून भाड्याची उघडी मोटार ठरवली होती. मामा भर पारावर म्हणाले होते, "माझा पोरगा माझ्या जीपमधनं यील." पोरांनी शनिवार संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती. जीप सुरू झाली तर जीप, नाहीतर मोटार.

माझे शेजारी कुपवाडला एका कारखान्यात मिस्त्री आहेत. आम्ही शनिवारी पहाटे त्यांच्या दुचाकीवरून निघालो आणि कराडमार्गे पोचलो. मिस्त्रींनी जीपला प्रदक्षिणा घातली, ड्रायव्हरच्या सीटजवळचं टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि लगेच बंद केलं.

"मामा, ह्यात काय ठेवलंय?"

"पेट्रोल."

"व्हतं कवातरी."

"आवं, दरसाल ताजं वततोय मी."

"नासल्या दुधात रोज कपभर ताजं वतलं म्हणून ते दूध हुतंय व्हय?"

हे उदाहरण मामींना फार आवडलं. त्या दारातच उभ्या होत्या. "सहा वर्सं मी तेच सांगतीया," त्या म्हणाल्या. त्यांनी तसं कधीच सांगितलं नव्हतं.

मिस्त्री जीपखाली आडवे झाले. टाकीच्या बुडाचा नट गंजून एकजीव झाला होता. ठिणगी नको म्हणून त्यांनी हातोडीला ओलं फडकं गुंडाळलं. मामांनी अस्वस्थपणे खिशातून विडी काढली. खालून आवाज आला, "मामा, ती आत ठेवा. न्हाईतर मिरवणूक आजच निघंल, आन्‌ ती फाट्याकडनं घराकडं न्हाई, घराकडनं वढ्याकडं." मामांनी विडी ठेवली. गावचं स्मशान ओढ्याच्या काठी आहे.

नट सुटला आणि पहिली धार मिस्त्रींच्या बाहीत गेली. मी डबा पुढे सरकवला. येत होतं ते काकवीच्या रंगाचं होतं आणि त्याला जुन्या वार्निशचा वास होता. सोबत गंजाच्या पापड्याही पडत होत्या. डबा भरला तेव्हा प्रश्न उभा राहिला की याचं करायचं काय.

"वतू नका कुठं," मामा म्हणाले. "पूजंचं हाय. निर्माल्यच म्हणा. पायाखाली येता कामा नये. नदीला सोडूया."

"सोडा की," मामी म्हणाल्या. "खालची समदी गावं पावन हुतील. मासं तर सरळ वैकुंठाला."

शेवटी मिस्त्रींनी तोडगा काढला. हे पेट्रोल ते कुपवाडला नेतील आणि त्यात बेअरिंगं धुतील. धुणं म्हणजे एका अर्थी अभिषेकच. मामांनी विचार करून मान डोलावली. आमच्याकडे धर्मशास्त्राचे बरेच प्रश्न असेच सुटतात.

ताजं पाच लिटर पेट्रोल मामींच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यातून गाळून टाकीत ओतलं. नवी बॅटरी लावली. मामांनी चावी फिरवली. स्टार्टर फिरत राहिला, इंजिन ढिम्म. परत फिरवली, तेच. दुपारचे तीन वाजले होते. कुंपणापाशी दोन पोरं मोबाइल हातात घेऊन उभी होती, मोटारवाल्याला कळवायला.

मिस्त्रींनी कार्बोरेटर सोडवला. आत जुन्या पेट्रोलचा डिंक जमला होता. वायरीतली तांब्याची एक तार घेऊन ते त्यातली बारीक भोकं एकेक करून मोकळी करू लागले. मामा माझ्याशेजारी येऊन बसले.

"मी रिटायर होऊन आलो तवा फाट्यावर यस्टीनं उतरलो," ते म्हणाले. "ट्रंक खांद्यावर. पयला भेटला त्यो म्हणाला, सुट्टी कवापत्तूर हाय? म्हणलं, आता संपत न्हाई. बरं म्हणाला आन्‌ म्हशीमागं गेला." मग म्हणाले, "त्याचं काय चुकलं न्हाई. म्हस पळाली हुती."

मी पान्हे पुसले.

पाच वाजता मामांनी पुन्हा चावी फिरवली. जीप खोकली, थांबली, परत खोकली, आणि एकदम असा आवाज झाला की कोंबड्या पत्र्यावर गेल्या. अंगणात पांढरा धूर भरला. धुरातून मामांचा आवाज आला, "पळा रं, सांगा त्या मोटारवाल्याला, येऊ नगंस म्हणावं!" धूर ओसरला तेव्हा मामा जाग्यावर नव्हते. दहा मिनिटांनी ते कोट, टोपी आणि छातीवर सगळी पदकं लावून बाहेर आले.

"आवं, उद्या हाय ते," मामी म्हणाल्या.

"बगत हुतो, बसतोय का," मामा म्हणाले. कोट बसत नव्हता. तरी तो त्यांनी अंधार पडेपर्यंत काढला नाही.

रविवारी दहाला मुलगा फाट्यावर उतरला. जेसीबीतून फुलं पडली. तो हार घालून जीपच्या मागच्या भागात उभा राहिला आणि मामा चालवायला बसले. पुढे स्पीकर, त्यापुढे नाचणारी पोरं. सगळी मंडळी पाच मिनिटांत चार पावलं सरकत होती. पन्नासेक पावलांत इंजिन तापलं आणि क्लचचा जळका वास आला. शेजारून चालणारे मिस्त्री मामांच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाले. मामांनी चावी बंद केली. स्पीकरच्या आवाजात ते कुणाला कळलंही नाही. मागून दहा-बारा पोरांनी जीपला हात लावला.

"तात्या, बंद का केली?" मुलाने वाकून विचारलं.

"तू गप हुबा ऱ्हा. लोकास्नी हात कर."

दोन तासांनी जीप दारात आली. मामांनी स्टेअरिंग एकदाही सोडलं नव्हतं आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते धुरामुळे नक्की नव्हतं. गावात अजून सांगतात की सुभेदारांच्या जीपनं पोराला फाट्यावरून घरी आणलं. आणलं हे खरंच आहे. येताना ती पोरांनी ढकलली, आणि घरापासून फाट्यापर्यंत जाताना सगळा उतार आहे.