किमुत्वेचे घर कुठले?

आमच्या काओंदे भाषेत मुत्वे म्हणजे डोके. त्याच्या आधी 'का' लावला की इवलेसे डोके, 'कि' लावला की भले थोरले. आमच्या शेजारच्या सुताराला सगळे किमुत्वे म्हणतात. त्याला एकदा पाहिले की कारण विचारावे लागत नाही. मलाही गाव करकोचाच म्हणते, माझ्या पायांमुळे; शाळेत पोरे तेवढी गुरुजी म्हणायची.

किमुत्वे हे नाव शेळी कुळातल्या इनेस आजीने ठेवले. सुतार अळंबी कुळातला. या दोन कुळांनी एकमेकांची खुशाल टर उडवावी आणि कोणी रागावू नये, अगदी मयतीतसुद्धा. त्याच्या मामाच्या मयतीत तो डोके धरून रडत बसला होता. आजी म्हणाली, "दोन हात पुरायचे नाहीत रे, माणसं बोलावू का धरायला?" रडणारे हसले, तोही हसला, आणि नाव चिकटले.

इतकी वर्षे त्याने ते आनंदाने वागवले. पण त्याच्या लेकीला, फेबीला, कासेम्पाकडचे स्थळ आले आणि तो माझ्याकडे आला. त्या दिवशी मी करकोचा नव्हतो.

"गुरुजी, पाहुण्यांसमोर तरी मला नसेमुकिला म्हणा. नाहीतर पोरीला सासरी जन्मभर चिडवतील, टोपलीएवढ्या डोक्याची लेक म्हणून."

नसेमुकिला हे त्याच्या आजोबांचे नाव, त्यांच्यामागे त्याला मिळालेले. तो घरोघरी जाऊन हेच सांगून आला. सगळ्यांनी कबूल केले. इनेस आजी म्हणाली, "किमुत्वे हा शब्द माझ्या तोंडून निघाला तर जीभ कापून घे."

ठरल्या दिवशी मध्यस्थ कापालू आणि नवरामुलगा ओबेद सायकलींवरून आले. हातपंपावर इनेस आजीच होती.

"आजी, नसेमुकिलांचं घर कुठलं?"

आजीने शब्द पाळला. कोणते नाव घ्यायचे नाही हे तिला पक्के आठवत होते. कोणते घ्यायचे ते मात्र ती विसरली होती. नसेमुकिला तिला एकच ठाऊक होता. तिने पाहुण्यांना आदराने मोठ्या आंब्याखाली नेले आणि कबर दाखवली.

"हे बघा. फार गरीब माणूस."

कापालूने टोपी काढली. "कधी गेले?"

"माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा."

"आणि त्यांची मुलगी?"

"तीही गेली की. म्हातारी होऊन."

"ओबेद," कापालू हळूच म्हणाला, "सायकल वळव. मागे बघू नकोस."

सायकली परत निघालेल्या मी ओट्यावरून पाहिल्या आणि शेजारी ओरडलो. किमुत्वे सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. तो तसाच अनवाणी धावत सुटला.

"अहो पाहुणे! थांबा! नसेमुकिला मीच!"

त्या नावाने तर दोघे आणखी जोरात पाय मारू लागले. तेव्हा किमुत्वे रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, त्याने छाती भरून घेतली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "किमुत्वे! मी किमुत्वे आहे! फेबीचा बाप! डोकं बघा आणि ओळखा!"

कापालूने ब्रेक दाबला. मागे वळून तो बराच वेळ पाहत राहिला.

"कूळ कोणतं?"

"अळंबी."

"मग बरोबर. एवढी छत्री दुसऱ्या कुणाची असणार! मी शेळी कुळातला. आधीच सांगितलं असतं तर कबरीपर्यंत कशाला गेलो असतो? गावाबाहेरूनच दिसलं असतं!"

"शेळीला खाण्यापलीकडे दिसतं काय," किमुत्वे धापा टाकत म्हणाला. "चला, कोंबडी शिजलीय."

मक्याच्या पिठाच्या न्शिमाचा दुसरा गोळा पानात पडेपर्यंत लग्न ठरले होते. फेबीला सासरी कोणी चिडवत नाही, आणि ओबेदची तर प्राज्ञाच नाही. आमच्यात जावयाने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नसते, मग ते जन्मनाव असो की टोपणनाव. त्यात आलेला शब्दही टाळायचा. परवा तो दवाखान्यात गेला होता.

"काय होतंय?" नर्सने विचारले.

"मानेच्या वरचं दुखतंय."

"घसा?"

"त्याच्या वर."

"दात?"

"अजून वर," ओबेद म्हणाला, आणि केविलवाणा होऊन छताकडे बोट दाखवू लागला.