लाल कप्प्यातला पांढरा मासा

येवल्याला भाच्याचा साखरपुडा होता. मुलीला पैठणी नेसवून बाहेर आणत होते, सगळे मोबाइल वर धरून उभे होते आणि तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. पलीकडे सुनंदावहिनी, माझ्या मित्राची, दिगंबरची बायको. "भाऊजी, हे अजून आले नाहीत... फोनही लागत नाही." मी घड्याळ पाहिलं. दुपारचे साडेबारा. डहाणूला समुद्रावर मासे धरायला गेला की दिगंबर नऊनंतर कधी खडकावर थांबत नसे. मी होतो तिथल्या खुर्चीवर बसलो. कुणीतरी पेढ्यांचं ताट पुढे केलं, मी एक उचललाही. डहाणूच्या वाटेवर जव्हारपाशी मूठ उघडली तेव्हा तो पेढा तसाच हातात होता. संध्याकाळी ओहोटी लागल्यावर तिथल्या कोळ्यांना दिगंबरचा देह सापडला.

आता दोन महिने होत आले. दिगंबर आणि मी सातपूरच्या एकाच कारखान्यात सव्वीस वर्षं होतो. तो टूलरूममध्ये, केसाच्या मापाने साचे घासणारा, मी सेफ्टी विभागात. हेल्मेट घाला, हातमोजे घाला, ओल्या फरशीवरून पळू नका, हे सांगत फिरणं माझी नोकरी होती आणि खरं सांगायचं तर माझा स्वभावही. लोक मागे मला भित्री भागूबाई म्हणत. दिगंबर तोंडावर म्हणायचा. एरवी त्याची हाक एकच, "ए सेफ्टी!" मूळचा कळवणकडचा गडी, नदी आणि बंधारे सोडून पाणी ठाऊक नाही. पण निवृत्तीनंतर डहाणूला कुणाच्या लग्नाला गेला, तिथे एकाने रबरी माशावर जिताडा, खाडीतला तो मोठा मासा, काढलेला पाहिला आणि पार खुळावून परत आला.

हे रबरी मासे म्हणजे खऱ्या माशाला भुलवायचं आमिष, बोटभर लांबीचे, मऊ, लिबलिबीत. डोक्याशी शिशाचा गोळा आणि त्यातून निघालेला गळ. दुकानात शंभर रंग आणि पन्नास आकार. आपण काय, दिसेल तो उचलू. दिगंबरने मात्र त्याचा टूलरूम केला. पाथर्डी फाट्याजवळच्या त्याच्या गच्चीवर कपडे भिजवायचा टब भरलेला असायचा. त्यात एकेक मासा ओढून तो तासन्‌तास बघायचा. "आधी पान्याचा रंग बघ, मंग रबराचा," तो मला सांगायचा. निवळ पाणी असेल तर खऱ्या माशाच्या रंगाचा. गढूळ असेल तर एकदम काळा नाहीतर एकदम पांढरा, आणि शेपूट रुंद, कारण तिथे माशाला दिसत कमी असतं, शेपटीची थरथर मात्र जाणवते. पाणी संथ असेल तर हलकं डोकं, मासा सावकाश खाली जातो. ओढ वाढली की जड, नाहीतर तो तळाला पोचतच नाही. वहिनी खालून ओरडायच्या, "तो टब मोकळा करा, चादरी भिजवायच्यात!"

रंगांच्या बाबतीत तर तो सोवळं पाळायचा. एकदा उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत लाल आणि पांढरे मासे एकत्र राहिले आणि पांढऱ्यांना लाल रंग चढला. हे रबर एकमेकांचा रंग घेतं, धुतलं तरी जात नाही. आठ दिवस साहेबांचं तोंड एवढंसं. मग त्याने बारा कप्प्यांची डबी आणली, प्रत्येक कप्प्यावर रंगाचं नाव चिकटवलं. घाईत असो, मासा लागलेला असो, पांढरा पांढऱ्यातच जायचा.

मी त्याच्याबरोबर जायचो, पण मासे धरायला नाही. मला पोहता येत नाही. त्यालाही येत नव्हतं. भरतीला आधी खडकाच्या मागची खाच भरते आणि परतीची वाट तुटते, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्याला ते कळतही नाही, म्हणून मी त्याच्याकडे पाठ करून किनाऱ्याकडे बघत बसायचो. शिंपल्यांनी पांढरा झालेला एक दगड होता. पाणी त्याला टेकायच्या आधीच माझी पाचावर धारण बसायची आणि मी ओरडायचो, "चल, निघ!" तो शिव्या घालायचा, पण निघायचा. "मासे धरायचं काम माझं, घाबरायचं तुझं," असं म्हणायचा. मला तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी परतताना त्याचा पाय शेवाळावरून घसरला आणि दोरीला लोंबणारा गळ माझ्या दंडात घुसला. दवाखान्यात डॉक्टरांनी तो कापून काढला तेव्हा मी तिथेच नियम केला. खडक सोडायच्या आधी रबर दोरीवरून काढायचं, डबीत ठेवायचं, झाकण लावायचं, मगच पाऊल उचलायचं. दिगंबर पोट धरून हसला. पण पाळला. त्यानंतर एकदाही मोडला नाही.

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. मी शर्टाला इस्त्री करत होतो. "उद्या ओढ लय राहील. पांढरा, रुंद शेपटीचा, त्याला सगळ्यात जड डोकं लावलंय. एकच हाय तसला." मी म्हटलं, मला यायला जमणार नाही. "मंग घाबरायचं काम कोन करील रे?" तो हसला. जड डोकं, म्हणजे उधाण, मोठी भरती. पौर्णिमा नुकतीच झाली होती. मला कळायला हवं होतं, नव्हे, कळलं होतं... पण कॉलरची इस्त्री राहिली होती. "सांभाळून रे," एवढं म्हणून मी फोन ठेवला.

त्या दिवशी तिथे कालवं काढणाऱ्या एका बाईने त्याला हाक मारली होती. ती मला म्हणाली, "भाऊ, पानी भरतंय, निघा, असं मी वरडले. त्यांनी हात केला नि परत खाली मान घालून काय तरी करत बसले." हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली. मान खाली घालून तो काय करत होता, याचं एकच उत्तर मला सुचत होतं. माझा नियम पाळत होता. त्या दोन-तीन मिनिटांत मागची खाच भरली असेल तर...

रॉड समुद्रात गेला, तो मिळाला नाही. खांद्यावरची पिशवी तेवढी पोलिसांनी घरी दिली. म्हणजे खरं काय ते त्या डबीलाच माहीत होतं. पांढरा मासा डबीत नसेल, तर तो रॉडला तसाच ठेवून दिगंबर पळाला आणि मी सुटलो. डबीत असेल तर... मी पाच आठवडे त्या घरी जायचं टाळलं. शेवटी एका रविवारी वहिनींनीच बोलावलं. "भाऊजी, ती पिशवी मला उघडवत नाही. तुम्ही उघडा."

मी डबीचं झाकण काढलं. पांढरा कप्पा रिकामा होता. लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटलं. मग वहिनींनी बोट दाखवलं. "हा इथे कसा?"

लाल कप्प्यात, लाल माशांवर, तो आडवा पडला होता. जड डोकं, रुंद शेपूट. खालची बाजू गुलाबी झालेली. डोक्याशी टीचभर दोरी अजून होती, टोकाला चावल्यासारखी चपटी. तो दोरी नेहमी छोट्या कात्रीने कापायचा. "दातांनी तोडलीय," वहिनी हलकेच म्हणाल्या. "म्हणजे घाबरले होते हो ते."

मग माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. नियम माझा होता, ती मिनिटं माझी होती, आदल्या दिवशी मला उधाण कळलं होतं. वहिनींनी डबीचं झाकण लावलं. "तुम्ही तिथे असता तर?" त्यांनी विचारलं.

"मी दहा मिनिटं आधी घाबरलो असतो," मी म्हणालो.

त्यांनी माफ केलं असंही नाही, दोष दिला असंही नाही. उठून चहा टाकला. निघताना डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घरात नको मला. तुमच्याकडे राहू द्या. आणि यांच्याबद्दल कधी लिहायचं असेल तर खरं तेच लिहा."

डबी आता माझ्या टेबलावर आहे. पांढरा मासा उचलून त्याच्या कप्प्यात ठेवायला हवा, दिगंबरने पहिलं तेच केलं असतं. पण आयुष्यात तो ज्या एका क्षणी घाबरला, त्या क्षणी त्याच्या हाताने हा मासा तिथे ठेवला आहे. माझा हात पुढे होत नाही. रंग दर आठवड्याला थोडा वर चढतो आहे. रोज सकाळी मी झाकण उघडतो, पांढरं किती उरलंय ते बघतो आणि झाकण लावतो.